खानझोड्यांची बशी

"सडकी अंडी कुठे ठेवलीत?" डॉ. खानझोडे दारातच थबकले आणि त्यांनी रुमाल नाकाला लावला.

"अंडी अजून यायचीत, सर," मी म्हणाले. "वास औषधाचा आहे."

"बाटलीला तर बूच दिसतंय."

"बूच आहे म्हणून एवढाच येतोय."

मागे माझ्या मार्गदर्शक तळपदे बाई खाकरल्या. परीक्षकाशी असं बोलायचं नसतं, असा त्या खाकरण्याचा अर्थ होता. पण चार वर्षं त्या वासात काढल्यावर नाकाबरोबर जिभेचीही भीड चेपते. माझ्या साड्यांना तो वास येई, डब्यातल्या भाकरीला येई. घरी सासूबाई माझी कपड्यांची बादली वेगळी ठेवायच्या.

आमच्या विद्यापीठाचं ते किनाऱ्यावरचं संशोधन केंद्र. केंद्र हा शब्द त्याला फार मोठा होता. कौलारू छपराच्या दोन खोल्या, खाऱ्या पाण्याची एक टाकी, दोन सूक्ष्मदर्शक आणि भिकू तांडेल. ओहोटीला खडकांच्या कपारीतून सी-अर्चिन काढून आणायचं काम भिकूकडे. लिंबाएवढा काळा गोळा, सगळ्या अंगाला काटे, तोंड खाली. मासे पकडणाऱ्याच्या दृष्टीनं हा प्राणी म्हणजे पायात मोडणारी पीडा. आम्हाला मात्र तो सोन्यासारखा, कारण त्याची अंडी काचेसारखी नितळ असतात. अंड्याच्या पोटात काय चाललंय ते जिवंतपणी, उघड्यावर, साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतं.

डॉ. खानझोडे नागपूरहून आले होते. माझा प्रबंध दोन परीक्षकांकडे गेला होता. एकानं 'उत्तम' म्हणून परत पाठवला. खानझोड्यांनी दीड ओळ लिहिली: 'एका अंड्यात दोन शुक्रजंतू शिरल्याचा हा प्रकार दिसतो. स्वीकारता येत नाही.' चार वर्षांचं काम दीड ओळीत आडवं झालं. बाईंनी त्यांना उलट कळवलं, 'या आणि डोळ्यांनी बघा.' आणि ते खरोखरच आले. आगगाडी, मग एसटी, मग बंदरापासून पायी. पन्नाशी उलटलेला, बेडकांच्या अंड्यांवर आयुष्य घालवलेला माणूस. आले हे त्यांचं मोठेपण, ते मी कधी नाकारलं नाही. पण त्यांनी त्या दिवशी सही केली नसती तर सगळं संपलं होतं. बाई उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. हा विषय पुढे चालवणारं विद्यापीठात दुसरं कुणी नव्हतं. मी पुन्हा सावंतवाडीच्या शाळेत जाऊन फुलाचे भाग शिकवले असते.

"बाईनू," खिडकीतून भिकूनं डोकं आत घातलं, "भरती लवकर येतली. व्हये तितके आत्ताच घेवा."

त्यानं बादली आत सरकवली. खानझोडे वाकून काटे न्याहाळू लागले.

"यातले नर कुठले, मादी कुठल्या?"

"बाहेरून नाही कळत," बाई म्हणाल्या. "सुमित्रा, दाखव सरांना."

मी एकेकाला मिठाच्या पाण्याची सुई टोचली आणि उलटं करून पेल्यावर बसवलं. थोड्याच वेळात एकाच्या अंगातून केशरी धार पाण्यात उतरू लागली. ती अंडी. दुसऱ्याच्या खालच्या बाजूला दुधासारखा पांढरा थेंब जमला. ते शुक्रजंतू. खानझोड्यांनी नाकावरचा रुमाल काढला. ज्याला अंड्यांचं वेड आहे त्याला असल्या वेळी वासाचं भान राहत नाही. मला तो माणूस तेव्हाच थोडा आवडला, आणि त्याचाच मला राग आला.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगते. पेशीचे दोन भाग व्हायचे तर आत गुणसूत्रांची रस्सीखेच होते. दोन टोकं असतात, दोन्हीकडून ओढ असते, आणि वाटणी सारखी होते. प्रत्येक टोकाशी सेंट्रिओल नावाच्या बारीक नळकांड्यांची एक जोडी असते. पेशी विभागली की एकेक जोडी एकेकीच्या वाट्याला जाते. पुढच्या विभाजनाआधी त्या एका जोडीच्या दोन व्हाव्या लागतात. एकदाच, आणि दोनच. कमी पडल्या तर पेशी विभागत नाही. जास्त झाल्या तर तीन-चार बाजूंनी ओढाताण होते आणि गुणसूत्रांच्या चिंध्या होतात. मग 'आता एक कर' आणि 'आता पुरे' हे पेशीला सांगतं कोण? तळपदे बाईंनी आयुष्यभर एवढा एकच प्रश्न विचारला. त्यांनी लग्न केलं नाही, परदेशी गेल्या नाहीत. विद्यापीठात त्यांना लोक पाठीमागे 'नळकांडी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

"सुरू करा," खानझोडे म्हणाले.

मेजावर दोन वाट्या होत्या. एकीत नराचा जसाच्या तसा दाट पांढरा रस. दुसरीत त्यातलाच टिपूस समुद्राच्या पाण्यात घालून केलेलं पातळ पाणी, इतकं पातळ की आत काही आहे असं वाटू नये. दोन्हींवर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या: 'दाट' आणि 'पातळ'. मी पातळातला एक थेंब अंड्यांच्या पेल्यात सोडला.

"एवढंच?"

"एवढंच, सर."

खानझोड्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. अंड्याभोवती पारदर्शक पापुद्रा उचलला गेला. एक शुक्रजंतू आत शिरला की हा पापुद्रा दार लावून घेतो, बाकीचे बाहेर. ते पाहिल्यावर तो पेला मी दोन बशांत वाटला. पहिली बशी तशीच राहणार. दुसरीत योग्य वेळी ते वासाचं औषध जाणार.

"थांबा," खानझोडे सरळ झाले. "एक बशी मी करणार. माझ्या हातानं. सगळं तुम्हीच करायचं आणि मी नुसतं पाहायचं, हे काही बरोबर नाही."

"अवश्य," मी म्हणाले आणि कोऱ्या अंड्यांची तिसरी बशी त्यांच्यापुढे ठेवली. हातात ड्रॉपर दिला.

त्यांनी दोन्ही वाट्यांकडे पाहिलं. पातळ उचललं, उजेडात धरलं, नापसंतीनं खाली ठेवलं. "यात आहे काय? हे तर नुसतं पाणी." आणि त्यांनी दाट वाटीत ड्रॉपर बुडवला.

"अहो, तो नका—" बाई पुढे झाल्या.

"राहू द्या ना, बाई," मी म्हणाले. "सरांना करू दे त्यांच्या मनासारखं."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर तिथंच विरघळली असती. तोवर दोन, तीन, चार थेंब बशीत पडले होते. पाणी ढगाळ झालं. खानझोड्यांनी बशीवर आपल्या पेननं 'खा' असं अक्षर काढलं आणि ती बाजूला ठेवली, गृहिणीनं विरजण लावून ठेवावं तशी.

मग वाट पाहणं आलं. या धंद्यात काम थोडं आणि थांबणं फार. बाईंनी चहा टाकला. माझ्याशी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. स्टोव्हला मात्र पुष्कळ बोलल्या. खानझोडे बेडकांविषयी सांगत होते आणि मी दुसऱ्या बशीवर डोळा ठेवून होते. औषध नेमक्या क्षणी घालावं लागतं. अंड्याच्या आत दोन टोकं दिसू लागतात, टोकाशी किरणांचा तारा असावा तशी. दोन तारे समोरासमोर येऊन स्थिर झाले की घालायचं. लवकर घातलं तर काहीच होत नाही. उशीर झाला तर अंडं विभागून मोकळं. त्यातही गरमीच्या दिवसात कधी साधतं, कधी नाही. त्या दिवशी उकडत होतं.

मी बूच काढलं. खानझोड्यांचा रुमाल पुन्हा नाकाशी गेला.

पहिल्या बशीतली अंडी वेळेवर दोनाची झाली, शहाण्या मुलांसारखी. दुसऱ्या बशीत सगळं थिजून राहिलं. आणि 'खा' अक्षराच्या बशीत एकच गोंधळ उडाला होता. खानझोड्यांनी डोळा लावला आणि ते जागच्या जागी उडाले.

"चार! चार होऊन राहिले! मॅडम, पाहा इकडे. एका दमात चार! आणि यात तुमचं औषध नाही बरं का. नुसतं समुद्राचं पाणी आहे."

बाईंनी पाहिलं. काही अंड्यांचे चार तुकडे झाले होते, काहींचे सहा, काही ठिकाणी नुसताच चुराडा.

"तुम्ही दाट ओतलंत," बाई म्हणाल्या. "दोन-दोन शुक्रजंतू आत शिरले. अंड्याकडे स्वतःची जोडी नसते; प्रत्येकानं आपली आणली आणि एकेकीच्या दोन झाल्या. दोनाच्या जागी चार टोकं झाली."

"मी तेच लिहिलं होतं!" खानझोड्यांनी मेजावर हात मारला. "तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रबंधातली चार पेशींची अंडी आणि ही, यात फरक काय? औषधबिषध सगळं निमित्त. हिच्या हातून थेंब जास्त पडला असेल. माझ्या हातून पडला नाही का?"

बाईंचा चेहरा उतरला. मी त्यांना इतकी वर्षं पाहत होते, पण तो चेहरा मला नवा होता. मी मान खाली घातली आणि दुसरी बशी धुवायला घेतली. म्हणजे औषधाचं पाणी ओतून स्वच्छ पाणी घालायचं, पुन्हा ओतायचं, पुन्हा घालायचं. आता सगळं या बशीवर होतं. या बशीनं दगा दिला तर खानझोड्यांचं दीड ओळीचं मत त्यांच्याच हातानं सिद्ध झालं होतं, आणि तेही माझ्यासमोर.

स्वच्छ पाण्यात आल्यावर थिजलेली अंडी जागी झाली. आत दोनाऐवजी चार तारे दिसू लागले. आणि मग अंडी फुटली, थेट चारांत. नीटस, सारखे चार. साधलं होतं.

"आता हे पाहा, सर."

त्यांनी पाहिलं. मग आपली बशी पाहिली. मग पुन्हा माझी. डोक्यावरून हात फिरवला.

"हे चार आणि ते चार. मला तर दोन्ही सारखेच दिसतात."

"मलाही आत्ता सारखेच दिसतात."

"मग?"

"मग थांबू या. पुढच्या फेरीपर्यंत."

"पुढच्या फेरीत काय होणार?"

मी बाईंकडे पाहिलं. प्रश्न त्यांचा, उत्तर त्यांचं, सांगायचा मान त्यांचा. बाईंनी हनुवटीनंच 'तू बोल' अशी खूण केली.

"सर, प्रत्येक टोकाशी जोडी असते. एक जुनं, एक नवं. नवं जुन्याला काटकोनात चिकटून असतं. आमच्या बाई म्हणतात, ते कडेवरच्या पोरासारखं. पोर कडेवर आहे तोवर आई दुसरं घेत नाही. ते खाली उतरलं, आपल्या पायावर उभं राहिलं, की मग आईची कड मोकळी. मग तिला एक, आणि त्या उतरलेल्यालाही एक. एका फेरीत एकच. हीच ती 'पुरे' म्हणायची खूण."

"बरं. आणि औषधानं?"

"औषधानं पेशी अशा जागी अडकते की पोर कडेवरून उतरतं, पण नवं घ्यायची वेळच येत नाही. म्हणून दोन जोड्यांची चार सुटी सुटी टोकं होतात. माझ्या बशीतल्या या चार पेशींत एकेकटंच सेंट्रिओल आहे. तुमच्या बशीतल्या चौघींकडे मात्र जोडी आहे, कारण दुसऱ्या शुक्रजंतूनं आपली वेगळी जोडी आणली. तुमच्या पेशी पुढच्या फेरीला लगेच विभागतील. माझ्या विभागणार नाहीत. त्यांना एकच टोक येईल. त्या एक फेरी रिकामी बसतील, त्या फेरीत आपली जोडी पुरी करतील, आणि मगच विभागतील."

खानझोड्यांनी दोन्ही सूक्ष्मदर्शक शेजारी शेजारी ओढले. एकाखाली आपली बशी ठेवली, दुसऱ्याखाली माझी. मध्ये स्टूल घेऊन बसले. "आता मला कुणी हलवायचं नाही," म्हणाले.

लोकांना काहीतरी घडताना पाहायची हौस असते. आम्ही तिघं त्या दुपारी काहीतरी न घडण्याची वाट पाहत बसलो होतो. मी आजवर पुष्कळ ठिकाणी पुष्कळ थांबले, प्रसूतीच्या खोलीत थांबले, शस्त्रक्रियेच्या दाराबाहेर थांबले. पण असं थांबणं ते एकच.

आधी खानझोड्यांची बशी हलली. चार पेशींत आठ तारे. मग एकेक पेशी कमरेत आवळली जाऊ लागली. वेडीवाकडी, लहानमोठी, पण विभागत होती. पहिल्या बशीतली शहाणी अंडीही त्याच सुमाराला दोनाची चार झाली.

माझ्या बशीत प्रत्येक पेशीत एकच तारा होता. एकटा, एका कडेला.

खानझोडे डावीकडे पाहत, उजवीकडे पाहत. डावीकडे आठ झाले. उजवीकडे चारच.

"मेल्या की काय?" ते म्हणाले.

"नाही, सर."

"औषध विषारी आहे. मेल्या असतील."

"मेलेल्या पेशीत तारा उमटत नाही," आता बाई बोलल्या. आवाज खणखणीत होता.

"हो, ते खरं." त्यांनी पुन्हा डोळा लावला. "एकच आहे. चौघींतही एकच. असं मी आजवर पाहिलं नाही." मग जरा वेळानं, "पण मॅडम, न विभागणं हा पुरावा नाही. आजारी पेशीही विभागत नाही. तुम्ही म्हणता त्या एक फेरी थांबून विभागतील. विभागू द्या, मग मानतो."

ते बरोबर बोलत होते. म्हणूनच ते मला झोंबलं. तारा हळूहळू विरला. पेशी पुन्हा साध्या गोल दिसू लागल्या, आत काही चाललंय याची खूण नाही. मी प्रबंधात हे अनेकदा पाहून लिहिलं होतं. पण दर वेळी सगळीच अंडी पुढे जात नसत, उकाड्यात तर नाहीच. बाहेर भरती चढली होती आणि लाटांचं पाणी पायऱ्यांवर आपटत होतं. भिकू येऊन दारात उभा राहिला, आमची तोंडं पाहून निघून गेला. बाई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या बघायला आल्या नाहीत. आपलं आयुष्यभराचं म्हणणं खरं की खोटं हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

खानझोडे स्टुलावरून हलले नव्हते. त्यांच्या गार झालेल्या चहावर साय धरली होती.

"मिस कोचरेकर," ते एकदम हळू आवाजात म्हणाले. मी मिसेस होते, पण ते दुरुस्त करायची ती वेळ नव्हती. "इकडे या. मला जे दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय का, पाहा."

मी पाहिलं. एका पेशीत दोन तारे होते. समोरासमोर. शेजारणीतही दोन. तिसरीत दोन. चौथी जरा मागे होती, तिच्यातही किरण फुटत होते. आणि मग पहिली पेशी मधोमध आवळली आणि सुरेख, सारखी, दोन झाली.

कुणी काही म्हणो, पण तसला अभिमान माणसाला आयुष्यात एकदा तरी वाटावा. तो माझा होता, बाईंचा होता, आणि त्या चार पेशींचाही होता. एवढा मार खाऊन, कडेवरचं हिरावलं जाऊनही त्यांनी घाई केली नव्हती. एक फेरी थांबल्या, आपलं पुरं केलं, आणि मग पुढे गेल्या.

खानझोडे उठले. पाय अवघडले होते म्हणून मेज धरून उभे राहिले. ते बाईंकडे गेले आणि खिडकीशीच, पाठमोऱ्या बाईंना म्हणाले, "मॅडम, मी चुकीचं लिहिलं होतं. माझ्या बशीनंच मला खोटं पाडलं."

बाई वळल्या. "खोटं नाही पाडलं. तुमची शंका खरीच होती. ती शंका कुणी घेतली नसती तर मला वाईट वाटलं असतं."

"तुमची बशी एकटी असती ना, तर मी अजूनही म्हणालो असतो, आजारी पेशी आहेत, कशाही वागतील," खानझोडे म्हणाले. "पण दोन्हीकडे चार, आणि दोन तऱ्हा! यावर काय बोलणार? शिवाय ही बशी मी केलेली. मी स्वतःला कसं खोडून काढू?"

त्यांनी तिथंच मेजावर कागद पसरून सही केली. जाताना ती 'खा'ची बशी ते उचलून पाहत राहिले, मग खाली ठेवली. शेवटची एसटी गाठायला भिकू त्यांना बंदरापर्यंत सोडायला गेला.

आज या गोष्टीला इतकी वर्षं झाली. कडेवरून पोर उतरवणाऱ्या रेणूंना आता नावं आहेत. एक असंही विकर, म्हणजे एन्झाइम, सापडलंय की ते जरा जास्त झालं तर एकाच आईभोवती पोरांचं कोंडाळं जमतं, आणि म्हणूनच पेशी त्याला तयार होता होताच मोडून टाकते. कर्करोगाच्या पेशींत ही शिस्त सुटलेली दिसते. बाईंना यातलं काही पाहायला मिळालं नाही. तरी त्यांचं 'कडेवरचं पोर' अजून माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलं की त्यांना लगेच कळतं. पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं.

खानझोडे गेल्यावर आम्ही दोघी बशा धुवायला बसलो. बाई विसळत होत्या, मी पुसत होते. आनंदानं मी भरून वाहत होते.

"सुमित्रा."

"काय, बाई?"

"पातळ करून झालं की दाटाची वाटी तू लगेच बर्फात ठेवतेस. मीच शिकवलंय. बाहेर राहिली तर ते मरतात. चार वर्षांत तू ती मेजावर एकदाही ठेवली नाहीस."

मी बशी पुसत राहिले.

"आज विसरलीस?"

"नाही, बाई."

त्यांचा हात पाण्यात थांबला.

"प्रबंधात तो प्रयोग होता ना," मी म्हणाले. "दोन शुक्रजंतूंची अंडी आणि आपली अंडी, शेजारी शेजारी. पूर्ण प्रकरण होतं. त्यांनी ते वाचलं आणि तरी दीड ओळ लिहिली. कारण तो माझ्या हातचा होता. माझ्या हातचं ते मानणार नव्हते. आणि परीक्षकाला 'सर, जरा चूक करून दाखवा' असं कसं म्हणायचं?"

"म्हणून तू त्यांना फसवलंस?"

"फसवलं नाही. दोन्ही वाट्यांवर चिठ्ठ्या होत्या. त्यांनी वाचल्या. कुठली घ्यायची ते त्यांनी ठरवलं. तुम्ही अडवायला गेलात म्हणून मला मध्ये बोलावं लागलं."

"आणि त्यांनी पातळ घेतलं असतं तर?"

"तर आपल्याकडे चार पेशींची एकच बशी राहिली असती आणि मी सावंतवाडीला गेले असते. पण ज्या माणसाला सगळं आपल्या हातानं करायचं असतं ना, बाई, त्याला एक थेंब कधी पुरत नाही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. परीक्षेच्या दिवशी, न विचारता, त्यांच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या आयुष्याच्या कामावर मी डाव लावला होता. त्यांनी ओले हात पदराला पुसले, उठल्या, आणि खोलीबाहेर गेल्या. मी घाबरून मागोमाग गेले.

भिकू बंदरावरून परत येत होता. बाई पायरीवर उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं हाक मारली, "भिकू! ए भिकू, इकडे ये. ही बघ." त्यांनी माझा दंड धरून मला पुढे ओढलं. "ही माझी विद्यार्थिनी."

भिकू गोंधळला. रोज सकाळी बादली तो माझ्याच हातात देई.

"माका ठावक आसा, बाईनू. चार वर्सां बगतंय."

"नाही, तुला माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी माझा दंड सोडला नव्हता. "मलाच आज कळलं."